मांगरापुढच्या तीन बंदुका

१

मंगळवारी सकाळी दोडामार्गच्या भाई गवसांना त्यांच्याच काजूच्या बागेत बंदुकीचा बार लागला आणि दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्येच ते गेले. बुधवारी सकाळी नऊपर्यंत तालुक्यातल्या झाडून सगळ्या शहाण्यांना खुनी कोण ते कळलं होतं. बागेचा राखणदार, बाबली गावडे. का, तर त्याच्याकडे ठासणीची बंदूक होती आणि तो गरीब होता. शहाण्यांना एवढा पुरावा पुष्कळ होतो.

सुभद्राकाकी मेस्त्री या शहाण्यांत मोडत नव्हत्या. बंदूक दुरुस्तीचा परवाना सासऱ्यांकडून नवऱ्याकडे आणि नवऱ्याच्या माघारी त्यांच्याकडे आलेला. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या बंदुका खोलल्या, घासल्या, जोडल्या होत्या, आणि एवढ्या वर्षांत एकच गोष्ट त्यांना पटली होती. बंदूक फारशी बिघडत नाही, ती धरणारा मात्र बहुतेक वेळा बिघडलेलाच असतो.

उपनिरीक्षक देवेश परबांचा फोन आला तेव्हा त्या पेजेचा शेवटचा घोट घेत होत्या.

"काकी, फक्त एक सही हवी. बाबलीची बंदूक चालू स्थितीत आहे, एवढं लिहून द्या. तीन वाजता त्याला कोर्टात उभं करायचंय."

"न बघता सही करू?"

"बघा की. पाच मिनिटांचं काम."

काकींनी दुकानाचं शटर ओढलं. पिशवीत टॉर्च टाकला, दोन नकली काडतुसं टाकली. ही त्यांनी स्वतः पितळेची करून घेतलेली. आत दारू नाही, छर्रे नाहीत, पण बंदुकीला ती खरीच वाटतात. बंदुकीला फसवायला लाज वाटत नाही, असं त्या म्हणत, कारण बंदूक निदान बढाया मारत नाही.

२

बागेतलं राखणीचं घर म्हणजे मांगर. त्याच्या अंगणात चटईवर तीन बंदुका ओळीनं मांडल्या होत्या. पलीकडे जमिनीवर भाई पडले होते ती जागा चुन्यानं आखलेली, आत वाळलेल्या रक्ताचा काळा डाग. त्याच्यासमोर चार पावलांवर बोंडूंचा, म्हणजे बिया काढून टाकलेल्या काजूफळांचा, कंबरभर ढीग. त्यावर माश्या घोंगावत होत्या. मांगराच्या पायरीवर हवालदार भिकाजीच्या शेजारी बाबली बसला होता. मनगटाला दोर, डोळे सुजलेले.

"भाईंच्या छातीत छर्रे होते," परब सांगू लागले. "जवळपास कुठेही काडतुसाची नळकांडी मिळाली नाही. नळकांडी न टाकणारी बंदूक एकच, ठासणीची. शेजारी काथ्याचा बोळाही सापडला. ठासणीत दारूवर काथ्याच ठासतात. शिवाय या बंदुकीला दारूचा वास येतोय."

"तो वास बाबल्याच्या आज्यापासून येतोय," काकी म्हणाल्या. "बोळा बघू."

परबांनी प्लास्टिकची पिशवी पुढे केली. काकींनी ती उजेडात धरली आणि परत दिली. मग त्या बाबलीसमोर उकिडव्या बसल्या.

"बाबल्या, बार कधी आयकलंस?"

"साडेसाताची येष्टी गेली, तेच्या पाठोपाठ. माका वाटला, भायनी वानरांवर बार काडल्यानी."

"आणि मगे?"

"सव्वाआठाक विनीतबाबान बोंब मारल्यान. धावत इलंय. भाय जित्ते हुते, काकी. व्हट हलय हुते. जीपीत घातलंय, पण वाटेतच…"

"वेळ खोटी सांगतोय तो," परब म्हणाले. "मी जबानीत खोडली ती. विनीतसाहेब सांगतात, बार आठ वाजून दहा मिनिटांनी झाला."

विनीतसाहेब म्हणजे भाईंचा मुंबईचा पुतण्या. अंगात बारा खिशांचं जाकीट, छातीवर कुठल्याशा नेमबाजी क्लबाचा बिल्ला. काका गेल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा बिल्ला लावायला तो विसरला नव्हता.

"मी विहिरीवर दात घासत होतो," तो म्हणाला. "बार ऐकून धावलो. बाबली बंदूक घेऊन झाडांत पळताना मी स्वतः पाहिला. नंतर भोळा चेहरा करून आला परत. या लोकांना बंदुका देतातच कशाला? वेपन डिसिप्लिन म्हणजे काय ते तरी माहीत आहे का यांना?"

"तुम्हाला माहीत असेलच," काकी म्हणाल्या.

"मी तीन वर्षं क्लबात शूट करतोय."

तिसरा माणूस भाईंचा जावई सुदेश. शिरोड्याला पर्यटकांसाठी खोल्या भाड्यानं देतो. बागेतली वरची जागा कॉटेजं बांधायला मागत होता, आणि सोमवारी त्यावरून सासऱ्याशी त्याची कडाक्याची वाजली होती. बार झाला तेव्हा आपण बाजारात चहा पीत होतो, म्हणाला. कुठल्या टपरीवर, ते आठवत नव्हतं.

"आधी बाबल्याची," काकी म्हणाल्या आणि चटईपाशी गेल्या.

३

निवडणूक लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर परत मिळतात. या तिन्ही बंदुका तीन महिने ठाण्याच्या कोठीत होत्या आणि सोमवारी दुपारी मालकांच्या हाती आल्या होत्या. भाईंचा जीव गेला तो दुसऱ्याच दिवशी.

काकींनी ठासणीची बंदूक उचलली. नळी बोंडूंच्या ढिगाकडे, बोट चापाच्या बाहेर. घोडा बघितला, त्याखालच्या नळकीवर ठिणगी पाडणारी टोपी नाही हे बघितलं. मग बंदूक खांबाला टेकवून, स्वतः बाजूला राहून, तिरक्या टॉर्चनं नळीत उजेड टाकला. बराच वेळ बघत राहिल्या.

"परबसाहेब, ही तुम्ही तपासलीत?"

"हो. रिकामी आहे. चाप ओढून पाहिला."

"देव तुमच्यावर खूश आहे. टोपी नव्हती म्हणून वाचलात." त्यांनी बंदुकीच्या पोटाखालचा लोखंडी गज काढून बाहेरून नळीच्या लांबीला लावून दाखवला, मग अलगद नळीत सोडला. मध्येच काहीतरी चुरडल्याचा बारीक आवाज झाला. गज थांबला तेव्हा चार बोटं बाहेर उरली होती.

"रिकाम्या नळीत गज पुरता आत जातो. चार बोटं उरली, म्हणजे तळाशी दारू आणि छर्रे आहेत. ही बंदूक भरलेली आहे."

भिकाजी हवालदार नकळत दोन पावलं मागे सरला.

"बाबल्या," काकींचा आवाज चढला, "भरलेली बंदूक ठाण्यात दिलंस?"

"दिलंय तर," बाबली कळवळून म्हणाला. "हवालदार बोल्लो, उघडून दाखव. मी सांगलंय, ही उघडणा नाय, ही तोंडातसून भरतत. तर बोल्लो, बरा, ठेव थंय. आनि वहीत 'रिकामी' म्हनान लिवल्यान."

भिकाजी हवालदारानं झाडावरच्या काजूकडे लक्ष वळवलं. मोडणीची बंदूक मधोमध मोडून उघडते आणि आतलं काडतूस दिसतं, म्हणून सगळ्याच बंदुका उघडतात असं त्याला वाटत होतं. ठासणी उघडतच नाही. पुढून दारू, मग बोळा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा, आणि भरली की काढायचा सोपा रस्ता म्हणजे बार काढणं. बारावर पैसा घालवायला नको म्हणून गावोगाव त्या तशाच भरून ठेवतात, फक्त टोपी काढून कनवटीला लावतात. अशी भरलेली बंदूक तीन महिने पोलिसांनी उशाशी घेऊन झोपा काढल्या होत्या.

"पण त्यानं मारल्यावर पुन्हा भरली असेल!" विनीत म्हणाला.

काकींनी बंदूक जमिनीकडे कलती करून नळीवर टकटक केलं. वाळलेल्या चिखलाचे तुकडे पडले, आणि त्यांत एक पांढुरकी अळी.

"कुंभारीण माशीनं नळीत घर केलंय. ठाण्यातल्या अंधारात तिला जागा आवडली. हे घर मघापर्यंत अख्खं होतं, मी टॉर्चनं बघितलं, आणि गजानं मोडलं तेव्हा तुम्हीही ऐकलंत. काल यातून बार गेला असता तर ही बाई अळीसकट गोव्यात पोचली असती."

परबांचा चेहरा उतरला. "म्हणजे काथ्याचा बोळा…"

"ठासणीतून सुटलेला बोळा जळलेला, काळा असतो. हा नवरीसारखा गोरा आहे. कुणीतरी आणून ठेवलाय. बाबल्याची ठासणी कशी भरतात ते ज्याला अर्धवट ठाऊक आहे, त्यानं."

४

दुसरी बंदूक सुदेशची, आजोबांच्या काळातली बोल्टची रायफल.

"हिच्यात छर्रे नसतात, एक गोळी असते," परब घाईनं म्हणाले. एकदा तोंडघशी पडल्यावर माणूस शिकतो.

"तरी बघू. जावईबापू, उघडा."

"गेल्या वर्षी हिनं डुक्कर पाडलाय मी," सुदेश म्हणाला आणि बोल्टची मूठ धरून सरळ मागे खेचू लागला. मूठ आधी वर उचलायची असते, मग मागे ओढायची, तेव्हा कुठे काडतुसाची जागा उघडते. हे सांगायची काकींना गरज वाटली नाही. त्यांनी स्वतः मूठ वर उचलून बघितली. ती हलेना. गंजानं बोल्ट जागच्या जागी गच्च बसला होता.

"डुक्कर पाडलात ते दस्त्यानं बडवून का?"

सुदेश लाल झाला. मग काकींनी चटईवरची तिसरी बंदूक, भाईंची मोडणीची दुनळी, त्याच्या हातात दिली, नळ्या जमिनीकडे ठेवायला सांगून. हीपण उघडा म्हणाल्या. सुदेशनं नळ्या ओढल्या, दस्ता पिरगळला, शेवटी चापाकडे बोट नेलं तेव्हा काकींनी बंदूक काढून घेतली. वरची कळ अंगठ्यानं बाजूला ढकलायची, एवढंही त्याला माहीत नव्हतं. ज्याला बंदूक उघडताच येत नाही, तो भरणार कुठून? सुदेश लोभी होता, फुशारक्या मारणारा होता, पण त्याच्या अडाणीपणावर कुणी शंका घेऊ शकत नव्हतं.

काकींनी कळ ढकलून दुनळी मोडली. दोन्ही नळ्या रिकाम्या, चकचकीत. त्यांनी नळीशी नाक नेलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"खोबरेल."

"काय?" परबांनी विचारलं.

"हिच्या नळ्या खोबरेलानं पुसल्यात. भाई वीस वर्षं माझ्या दुकानातून बंदुकीचं तेल नेत होते. खोबरेलानं आतली यंत्रं चिकटतात, हे त्यांना पढवलेलं होतं. मांगरात खोबरेलाची बाटली कुणाची?"

"माजी," बाबली म्हणाला. "डोक्याक लावची."

"डॉक्टरांचा कागद दाखवा, परबसाहेब."

परबांनी दाखवला. छर्रे पोटाकडून वर खांद्याकडे गेलेले. आणि खाली, जखमेतून काढलेल्या वस्तूंत, 'जाड पुठ्ठ्याची गोल चकती, एक, बहुधा शर्टाचं बटण'.

"पुठ्ठ्याचं बटण असलेला शर्ट कुणी घालतं?" काकींनी कागद परत दिला. "काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये असते ती चकती. भाई काडतुसाच्या बारानं गेले, त्यांच्याच बंदुकीच्या. आणि बार खालून वर आला. उभ्या माणसानं खांद्याला लावून मारला तर तो असा जात नाही."

"मग कुणी मारला?"

काकींनी पिशवीतून नकली काडतुसं काढली आणि विनीतच्या तळहातावर ठेवली.

५

"ही खोटी आहेत, भिऊ नका. तुम्ही तीन वर्षांचे खेळाडू. या सगळ्या अडाण्यांना दाखवा, दुनळी कशी भरायची. इथे उभे राहा, ढिगाकडे पाठ करून."

विनीतनं चुन्याच्या रेघेकडे पाहिलं. "इथेच कशाला?"

"ऊन कमी आहे."

नाही म्हटलं असतं तर तो अजून थोडा वेळ वाचला असता. पण समोर पोलीस होते, जावई होता, राखणदार होता, आणि सगळ्यांना आपल्यापेक्षा कमी कळतं ही त्याची खात्री होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते अशाच माणसांसाठी. त्यानं झोकात कळ ढकलली, नळ्या खाली पाडल्या, दोन्ही काडतुसं बसवली. मग एका हातानं दस्ता धरून सिनेमातल्यासारखा झटका दिला. नळ्या वर उसळून खट्कन बसल्या आणि त्याच झटक्यात खट्ट असा दुसरा आवाज झाला.

नळ्यांची तोंडं परबांच्या पोटासमोर होती. परब ओरडून बाजूला उडाले.

विनीतचं बोट दोन चापांपैकी पुढच्या, उजव्या नळीच्या चापावर होतं.

"असंच झालं ना काल?" काकी म्हणाल्या. "दुनळी मिटताना दस्ता वर आणायचा असतो. नळ्या जमिनीकडेच राहतात, मग चुकून सुटली तरी माती मरते. तुम्ही नळ्या वर आणता, समोरच्याच्या पोटाकडून छातीकडे. तुमच्या क्लबाच्या बंदुकीत उघडल्याबरोबर सुरक्षेचा खटका आपोआप बसत असेल. भाईंच्या बंदुकीत तो हातानं ओढावा लागतो, आणि भाई दर वेळी ओढत. माकडाच्या हाती कोलीत दिलं की दुसरं काय व्हायचं?"

"हा… हा काही पुरावा नाही," विनीत म्हणाला. त्याचा आवाज पातळ झाला होता. "सगळ्यांकडून चुकून दाबलं जातं. काल बार झाला असता तर नळकांडी कुठे गेली?"

"बरं विचारलंत. आता उघडा."

तो हलला नाही. परब पुढे झाले. आता त्यांच्या तोंडावर पोटापुढे नळी आलेल्या माणसाचा राग होता. "उघडा म्हणाल्यात त्या."

६

विनीतनं कळ ढकलली. डाव्या नळीतलं काडतूस नुसतं नखभर वर आलं. उजव्या नळीतलं मात्र टण्कन उडालं, त्याच्या खांद्यावरून गेलं आणि मागे बोंडूंच्या ढिगात घुसलं.

"इजेक्टर," काकींनी सांगितलं. "ही बंदूक झालेलं काडतूस फेकून देते, न झालेलं नुसतं उचलून ठेवते. भाईंनी हौसेनं घेतलेली. भिकाजी, बाह्या सरसावा. माझं पितळेचं शोधा, आणि त्याच्या आसपास आणखी काय मिळतं ते बघा."

हवालदारानं कोपरापर्यंत हात आंबलेल्या बोंडूंत खुपसले. ठाण्याच्या वहीत 'रिकामी' लिहिल्याची फेड त्याला तिथल्या तिथे करावी लागली. आधी पितळ निघालं. मग, वीतभर खाली, लाल नळकांडी, बुडाला खळी पडलेली, झालेली.

विनीत पायरीवर बसला. "अपघात होता," तो म्हणाला. "भाईकाका हसत होते. म्हणाले, दाखव तुझ्या क्लबात कशी भरतात. मी मुद्दाम नाही मारलं. शपथ."

"मुद्दाम मारायला अंगात काही असावं लागतं, तेही तुमच्यात नाही," काकी म्हणाल्या. "बार चुकून सुटला, मला मान्य आहे. पण तो सुटला साडेसातला. बाबल्यानं वेळ खरी सांगितली आणि साहेबांनी ती खोडली. तुम्ही हाक मारलीत सव्वाआठला. मधला पाऊण तास काय केलंत? डावं काडतूस भाईंच्या काडतुसांच्या पट्ट्यात परत घातलंत. लाल नळकांडी शोधलीत, सापडली नाही. खोबरेल घेऊन दोन्ही नळ्या पुसल्यात. काथ्या पिंजून बोळा केलात. आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा तुमचे काका जिवंत होते. दवाखाना जीपनं वीस मिनिटांवर आहे."

"मला वाटलं ते जगणार नाहीत. उगीच माझं नाव, माझं लायसन्स…"

"शिरा पडो तुझ्या लायसन्सार," काकींच्या तोंडून शेवटी त्याच्याशीही गावची बोली सुटली. "ते बोलत हुते? खरा सांग."

विनीतनं तोंड झाकलं. बोटांआडून आलेले शब्द सगळ्यांना ऐकू गेले.

"बोलत होते. सारखं एकच. बाबल्याला हाक मार, बाबल्याला हाक मार."

भाईंनी ज्याला बोलवायला सांगितलं, नेमकं त्याच्याच गळ्यात या पोरानं खून बांधला होता. काकींना एवढ्या वर्षांत कुठल्याही मूर्खासाठी शिवी शोधावी लागली नव्हती. आज त्यांना एकही पुरेशी वाटेना.

परबांनी स्वतः बाबलीच्या मनगटाचा दोर सोडला. काहीतरी माफीसारखं पुटपुटलेही. बाबलीचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मी हयच खालच्या शेताच्या कुणग्यात हुतंय, विनीतबाबा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "एक हाक मारूची हुती. मी भायक पाटीर घेवन धावलो असतंय. जीपीची तरी काय गरज हुती?"

मग तो उठून चुन्याच्या रेघेपाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि भाईंच्या रक्ताच्या डागावर दोन्ही हातांनी माती ओढू लागला. पंचनामा अजून पुरा झाला नव्हता, म्हणून भिकाजी त्याला अडवायला निघाला. काकींनी त्याचा बोंडूंनी बरबटलेला हात धरून ठेवला.